सगळ्यांना रायगड दिसला

मला मोतीबिंदू नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या रविवारपासून आमच्या नातेवाइकांत आणि सोसायटीत नेमकी उलट बातमी फिरते आहे. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, चष्म्याचा नंबर कित्येक वर्षं जागचा हललेला नाही आणि समोरच्या किराणा दुकानातली 'उधारी बंद' ही पाटी मी आमच्या गॅलरीतून वाचू शकतो. मला फक्त आर्थर सीटवरून रायगड दिसला नाही. इतकंच झालं.

सप्टेंबरअखेरचं महाबळेश्वर. सुट्ट्या जोडून आल्या, आम्ही गेलो. घाटात कोणाला मळमळलं, खोली फोटोतल्यापेक्षा किती लहान निघाली, गरम पाणी नेमकं आपण उठायच्या आधी कसं संपतं, हे सगळं ज्याच्या त्याच्या अनुभवाचं असल्यामुळे सोडून देतो आणि थेट टॅक्सीवाल्यावर येतो. त्याने आमच्या हातात प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड दिलं. वर गणपती, खाली 'महाबळेश्वर दर्शन – १४ पॉइंट'.

पॉइंटांचं हे गणित मला आधी कळेना. मग केट्स पॉइंटला कळलं. तिथे गाडी एकदाच लागते, आपण एकदाच उतरतो, पण केट्स, इको आणि नीडल होल असे तीन पॉइंट पदरात पडतात. आर्थर सीटच्या बाजूला तर पिकच दांडगं आहे. माल्कम पॉइंट, हंटर पॉइंट, विंडो पॉइंट, टायगर स्प्रिंग. हे शेवटचं म्हणजे एक झरा. पूर्वी वाघ तिथे पाणी प्यायला यायचा म्हणे. वाघ गेला, पाणी राहिलं, पॉइंट झाला. एका वळणावर आमच्या ड्रायव्हरने मावा चोळण्यासाठी गाडी थांबवली. परत निघताना तो "हा एक झाला" असं पुटपुटल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. कानांबद्दल अजून कुणी शंका काढलेली नाही.

"केट कोण होती हो?" मी त्याला विचारलं.

"इंग्रजाची कोणतरी," तो म्हणाला.

हे उत्तर तंतोतंत बरोबर आहे. केट ही सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. ज्या गावात आपण चणे-फुटाणे खात फिरतो त्याचं नाव या माल्कमवरूनच माल्कम पेठ पडलं होतं. त्याच्याही आधी, १८२४ मध्ये, लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी डोंगर चढून वर आला. त्याच्या नावाने पॉइंट आहे आणि पॉइंटवर त्याच्या स्मारकाचा खांब आहे. सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून १,४३९ मीटर, तिचं नाव होतं सिंडोळा. तिचं विल्सन झालं. आर्थर सीट म्हणजे पूर्वीची मढीमहाल. आता माणूस डोंगर चढून आला की त्याचं नाव डोंगराला द्यायचं असा नियमच असेल, तर सिंडोळ्यावर रोज लाकडाची मोळी घेऊन चढणाऱ्या बाईच्या नावाने निदान एखादं वळण तरी हवं होतं. पण तिने तिथे बंगला बांधला नाही.

असो. क्षेत्र महाबळेश्वर मागे टाकून आम्ही आर्थर सीटला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. निदान घड्याळात तरी. बाहेर कुठलाच प्रहर नव्हता. इस्त्रीला द्यायचं ओलं धोतर कुणीतरी डोळ्यांपुढे धरावं तसं धुकं होतं. या गावाला दर पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो आणि पाऊस जरा दम खायला थांबला की ढग खाली उतरून पार्किंगमध्येच बसतात. समोर रेलिंग होतं हे हात लागला म्हणून समजलं. डाव्या अंगाला कोकणात कोसळणारं सावित्रीचं खोरं, उजव्या अंगाला कृष्णेच्या बाजूचं जोरचं खोरं, असं वर्णन मी आदल्या रात्री बायकोला वाचून दाखवलं होतं. आता डाव्या अंगाला पांढरं होतं आणि उजव्या अंगालाही पांढरं होतं. उजवीकडचं किंचित जास्त ओलं होतं.

आणि या पांढऱ्यातून आवाज आला, "दुरबीन! दुरबीन! सात पॉइंट पन्नास! रायगड, तोरणा, राजगड, परतापगड!"

मला हसूच आलं. मग जवळ गेल्यावर दिसलं की तिपाईवर खरोखरच एक दुर्बीण आहे, तिच्यामागे कानटोपी घातलेला एक गृहस्थ आहे आणि त्याच्यापुढे रांग आहे. चांगली वीसेक माणसांची. नाशिकहून बस करून आलेला ज्येष्ठ नागरिकांचा एक गट, दोन कॉलेजची पोरं, एक लहान मुलीला खांद्यावर घेतलेला बाप.

"काही दिसणार आहे का यातून?" मी बायकोला म्हटलं.

"आलोच आहोत तर," ती म्हणाली.

आपल्याकडच्या पर्यटनाचा अर्धा धंदा या तीन शब्दांवर उभा आहे. आलोच आहोत तर घोड्यावर बसू. आलोच आहोत तर वेण्णा तलावात पायाने बोट मारू. आलोच आहोत तर पन्नास रुपये देऊन ढग मोठा करून बघू. मी रांगेत उभा राहिलो.

माझा नंबर आला.

"लावा डोळा, साहेब. दिसला?"

"काय?"

"परतापगड."

"नाही."

"थांबा." त्याने कसलासा स्क्रू फिरवला. "आता?"

"पांढरं दिसतंय."

"त्येच. त्याच्या मागं."

"त्याच्या मागे काही दिसत नाही हो."

"बुरूज बघा की. वर झेंडा हाय."

"नाही दिसत."

त्याने माझ्या डोक्याला न विचारता हात घालून ते दोन बोटं डावीकडे सरकवलं. "ह्यो रायगड."

"हाही पांढराच आहे."

"रायगड लांब पडतो साहेब. त्यो जरा फिकटच दिसणार."

या उत्तराला प्रत्युत्तर नसतं. लांबचा डोंगर फिकट दिसतो हे शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनीही सांगितलं होतं. मी पुन्हा डोळा लावला. तोरणा झाला, राजगड झाला, चंद्रगड झाला, सावित्री नदी झाली. नदीच्या वेळी तो म्हणाला, "पाणी चमकतंय बघा." चमकलं ते दुर्बिणीच्या भिंगावर साचलेलं दव होतं. मी तसं म्हणालो. त्याने शर्टाच्या बाहीने भिंग पुसलं आणि चमकणारी नदीसुद्धा गेली.

एवढ्यावर मी पन्नास रुपये देऊन बाजूला झालो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण माणसाने माझ्या डोक्याला हात लावला होता. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "अहो, कशाला फसवता? काहीही दिसत नाहीये यातून!"

तो अजिबात चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे फार काळजीने बघितलं. "चष्मा काढून बघा साहेब."

मी काढून बघितलं.

"आता घालून बघा."

मी घालून बघितलं. आपण हे का करतो आहोत हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

"नंबर लांबचा का जवळचा?"

"दोन्ही. तुम्हाला काय करायचंय?"

तो रांगेकडे वळला आणि अत्यंत हळवेपणाने, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेबांना दोन्ही हाय."

रांगेतून "अरेरे" असा आवाज आला. खरंच आला. आणि त्या आवाजातून, हातात थर्मास, डोक्याला मफलर, पायांत पांढरे बूट अशा काकू पुढे झाल्या.

"मोतीबिंदू," काकू म्हणाल्या. विचारल्या नाहीत, म्हणाल्या.

"अहो काकू, धुकं आहे."

"तेच आमचे हेही म्हणायचे. हॉलमध्ये बसून."

मागे उभे असलेले 'हे' बुटांकडे बघत होते.

"रात्री दिव्याभोवती कडं दिसतं का तुम्हाला?"

"नाही."

"रंग फिके वाटतात?"

"आत्ता इथे सगळेच रंग..."

"बघा!" काकू माझ्या बायकोकडे वळल्या. एव्हाना त्यांनी मला सोडून रुग्णाच्या नातेवाइकाला हाताशी धरलं होतं. "पिकू देत बसायचं नाही हो हल्ली. ते जुनं झालं. आमचे डॉक्टर सकाळी नेतात, दुपारी जेवायला घरी. टाका नाही, काही नाही. कार्ड देते तुम्हाला."

आणि माझी बायको, जी माझ्या एका हाकेला कधी पर्स उघडत नाही, ती पर्स उघडून कार्ड ठेवून घेत होती.

मग काकूंनी दुर्बिणीला डोळा लावला. "अगंबाई! स्वच्छ! रायगड ना हा?"

"परतापगड."

"तोच तोच."

त्यानंतर जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. काकूंनंतर आलेल्या प्रत्येकाला सगळं दिसू लागलं. ज्येष्ठ नागरिकांपैकी एकाला तोरण्याच्या पायथ्याचं गाव दिसलं. कॉलेजच्या पोराला झेंडा हलताना दिसला. त्याच्या मित्राला वारा कुठल्या दिशेचा आहे तेही कळलं. खांद्यावरची मुलगी खाली उतरली तेव्हा मला फार आशा वाटली, कारण लहान मुलं खरं बोलतात असं आपण ऐकून असतो.

"काय दिसलं बाळा?" मी पुढे होऊन विचारलं.

"हत्ती," ती म्हणाली.

"हत्तीचं डोकं केट्स पॉइंटला," दुर्बीणवाला म्हणाला. मग थोडा विचार करून, "पन दिसू शकतं."

शेवटी बायको. तिने बराच वेळ डोळा लावून ठेवला. माझ्या इज्जतीची ती शेवटची संधी होती.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"उंच असं काहीतरी," ती म्हणाली आणि काकूंकडे बघून हसली.

जाता जाता त्याने मला आर्थरसाहेबाची गोष्ट फुकट सांगितली. बहुतेक अपंगांसाठी सवलत असावी. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रजाची बायको आणि मूल सावित्रीच्या मुखाशी बोट उलटून बुडाले, म्हणून तो या कड्यावर बसून नदीकडे बघत राहायचा, अशी ही गोष्ट तिथे सगळेच सांगतात. नदीचं मुख बाणकोटला, समुद्रावर.

"इथून बाणकोट दिसायचं त्याला?"

"साफ दिसायचं," तो म्हणाला. "इंग्रज होता त्यो."

पैसे देताना मी फोन काढला. त्याच्याकडे स्कॅन करायचं कार्ड होतं, पण तो म्हणाला, "रोखच द्या साहेब. हितं नेटवर्क दिसत नाही." रायगडावरची माणसं मोजता येतील अशी नजर असलेल्या गृहस्थाला मोबाइलचे दोन दांडे तेवढे दिसत नव्हते.

मी रागारागाने रेलिंगपाशी गेलो. तिथे निराळाच कार्यक्रम चालू होता. या कड्यावर दरीतून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की हलकी वस्तू खाली टाकली तर ती तरंगत परत वर येते. हे खरं आहे, यात दुर्बीणवाल्याचा काही संबंध नाही. आता हे पाहायला झाडाचं एक पान पुरतं. पण लोक टाकत होते बाटल्यांची बुचं, वेफर्सची रिकामी पाकिटं, कणसाच्या प्लेटा. एक पाकीट परत आलं की टाळ्या. नाही आलं की दुसरं पाकीट. जी परत आली नाहीत ती कुठे गेली, हे कुणी दुर्बीण लावून बघत नव्हतं. खाली कुणाची शेतं आहेत, कुणाच्या गुरांचं पाणी आहे, कृष्णेपासून सावित्रीपर्यंत पाच नद्यांचा उगम म्हणून ज्या गावात आपण गोमुखापुढे हात जोडून आलो त्याच डोंगराच्या उतारावर आपण वेफर्सचं प्लास्टिक सोडतो आहोत, वगैरे मी एका माणसाला म्हणालो. तो म्हणाला, "काका, वारा आणतो ना परत." मी म्हटलं, सगळं नाही आणत. तो म्हणाला, "तुम्हाला दिसत नसेल."

रांगेतला होता.

मी चहाच्या टपरीकडे वळलो. कॉर्न पॅटिस तळणाऱ्या कढईच्या उबेला काकूंचे 'हे' उभे होते. इकडेतिकडे बघून ते माझ्याजवळ सरकले.

"मलाही नाही दिसलं," ते हळूच म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"एका डोळ्याचं झालंय ना माझं. दुसऱ्याचं ती दिवाळीनंतर म्हणतेय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "प्रतापगड म्हटला की वाचलो. मी तर अफझलखानाची कबरसुद्धा दिसली म्हणालो."

त्या धुक्यात मला भेटलेला तो एकमेव सज्जन माणूस. पण कोर्टात त्याची साक्ष काढता येणार नाही, तेही खरं.

पुढचे पॉइंट मी गाडीतून उतरलोच नाही. ड्रायव्हरने त्याला हरकत घेतली नाही. न उतरता पॉइंट लवकर होतात. बायको उतरायची, पांढऱ्या पडद्यापुढे फोटो काढायची आणि परत यायची. त्या फोटोंत ती कुठल्या पॉइंटला उभी आहे हे फक्त ओढणीच्या ओलेपणावरून सांगता येतं. घरच्या ग्रुपवर ते टाकल्यावर माझ्या मावसबहिणीने 'क्या बात है, व्ह्यू!' असं लिहिलं. शिक्षिका आहे ती. भूगोलाची.

दुपारी ड्रायव्हरने आम्हाला स्ट्रॉबेरी विथ क्रीमच्या दुकानात नेऊन सोडलं. हा बहुधा चौदावा पॉइंट. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तिचा हंगाम थंडीतला. सप्टेंबरात तर नुकती रोपं लावायची धावपळ चालू असते. तरीही मेनूकार्डावर 'ताजी स्ट्रॉबेरी' लिहिलं होतं.

"ताजी आहे?" मी पोराला विचारलं.

"आत्ताच काढलीये."

"शेतातून?"

"फ्रीजमधून."

मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली. अख्ख्या दिवसात तेवढाच एक जण विचारल्यावर खरं बोलला होता. स्ट्रॉबेरी दाताखाली दगड लागावा इतकी थिजलेली होती आणि तिची किंमत दुर्बिणीच्या चौपट होती, पण निदान ती दिसत होती.

दुसऱ्या दिवशी 'प्रतापगड दर्शन' हे वेगळं पॅकेज. आंबेनळी घाटाने खाली उतरलो आणि अर्ध्या तासात लख्ख ऊन. हिरवेगार डोंगर, सगळीकडून ओघळ, आणि समोर खराखुरा प्रतापगड, काळ्या दगडाचा, बुरुजासकट. झेंडा होता. मी बायकोला तो बोटाने दाखवला. "बरं वाटतंय का आज?" ती म्हणाली.

गड चढलो. मोरोपंत पिंगळ्यांनी महाराजांच्या आज्ञेवरून १६५६ च्या सुमारास बांधलेला, १० नोव्हेंबर १६५९ ला ज्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा निकाल लागला तो हा किल्ला. भवानीचं दर्शन घेतलं. १९५७ साली पंडित नेहरूंनी अनावरण केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे इतक्या जणांना फोटो काढून दिले की शेवटी एकाने मला भाव विचारला. गाइडचं मी लक्षपूर्वक ऐकत होतो, कारण तो जे सांगत होता ते त्याच्या बोटासमोर होतं. हा बुरूज म्हणाला की तिथे बुरूज असायचा. केवढी ही सोय.

मग त्याने महाबळेश्वरच्या पठाराकडे हात केला. "आणि त्या तिकडं वर आर्थर सीट."

मी बघितलं. आख्खं आकाश निळं होतं आणि त्या एका पठारावर, काठापासून काठापर्यंत, पांढराशुभ्र जाडजूड ढग बसला होता. कडा नाही, रेलिंग नाही, काही नाही.

"तिथून हा किल्ला एकदम क्लिअर दिसतो," गाइड म्हणाला.

अकरा वाजले होते. म्हणजे त्या ढगात रांग लागलेली असणार, आणि कुणीतरी पन्नास रुपये देऊन या क्षणी आम्हाला बघत असणार. बायकोने ओढणी नीट केली. मी शर्ट खोचला, पोट आत घेतलं आणि त्या दिशेला हात केला.